सिगारेट कंपन्यांचे आतले कागद कसे वाचावेत

सिगारेटच्या धुराने शरीराचे काय होते, याची तपासणी सिगारेट कंपन्यांनी स्वतःही केली. त्यांच्याकडे रसायनशास्त्रज्ञ होते, उंदरांचे पिंजरे होते, धूर ओढणारी यंत्रे होती. त्या कामाचे अहवाल, टिपणे, पत्रे, इतकेच काय, घाईत खरडलेल्या चिठ्ठ्यासुद्धा आज कोणालाही घरबसल्या फुकट वाचता येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या ग्रंथालयाने हा संग्रह सांभाळला आहे. नाव ‘ट्रुथ टोबॅको इंडस्ट्री डॉक्युमेंट्स’, आणि कागदपत्रांची संख्या 1 कोटी 40 लाखांच्या वर. एवढ्या ढिगात शिरून हाती काही पक्के घेऊन बाहेर पडायचे, तर पद्धत लागते. पत्रकार, वकील, आरोग्याच्या क्षेत्रातले विद्यार्थी आणि तंबाखूच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते यांना वापरता येईल अशी ती पद्धत इथे मांडली आहे.

पहिली तयारी: पाच रकान्यांची वही

संगणक उघडण्याआधी वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने आखा: तारीख, कंपनी आत काय म्हणाली, बाहेर काय म्हणाली, कागदाचा क्रमांक, शंका. सारे काम या रकान्यांवर उभे राहते. एकटा सुटा कागद फारसे काही सिद्ध करत नाही. आतला कागद आणि त्याच सुमाराचा बाहेरचा कागद शेजारी ठेवला, की मगच दिसते कोणाला काय ठाऊक होते आणि लोकांना काय सांगितले गेले.

रकाने कसे भरायचे ते एका जोडीवर पाहा. 2 फेब्रुवारी 1953 रोजी आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ क्लॉड टीग याने कॅन्सरवरच्या संशोधनाचा आढावा लिहून वरिष्ठांना दिला. दीर्घकाळ आणि भरपूर धूम्रपान करणे व फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध रुग्णांच्या अभ्यासातून पक्का होत चालला आहे, असा त्याचा निष्कर्ष. हा झाला ‘आत’चा रकाना. 4 जानेवारी 1954 रोजी अमेरिकेतल्या 400 हून जास्त वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली, ‘सिगारेट ओढणाऱ्यांसाठी प्रांजळ निवेदन’. सिगारेट हे कॅन्सरचे एक कारण असल्याचा पुरावा नाही, असे तीत म्हटले होते आणि खाली सही करणाऱ्यांत रेनॉल्ड्सचा अध्यक्षही होता. हा ‘बाहेर’चा रकाना. दोन्हींमध्ये अकरा महिन्यांचे अंतर. शंकेच्या रकान्यात लिहा: टीगचा अहवाल वर कोणाकोणाच्या हाती गेला? हा प्रश्न टाळू नका. एका शास्त्रज्ञाचे मत म्हणजे कंपनीचे धोरण नव्हे, आणि समोरचा वकील पहिला हल्ला इथेच करतो.

हे कागद बाहेर कसे आले, तेही माहीत हवे, कारण कोणता कागद कुठल्या वाटेने आला यावर त्याचे स्वरूप ठरते. मे 1994 मध्ये ब्राउन अँड विल्यमसन या ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या मालकीच्या अमेरिकन कंपनीची सुमारे 4,000 पाने सॅन फ्रान्सिस्कोतले प्राध्यापक स्टँटन ग्लँट्झ यांच्या कार्यालयात एका खोक्यातून येऊन पडली. पाठवणाऱ्याचे नाव होते ‘मिस्टर बट्स’. 1995 मध्ये ग्रंथालयाने ती इंटरनेटवर ठेवली. मोठा पूर आला तो 1998 मध्ये: आधी मिनेसोटा राज्याच्या खटल्यात तडजोड झाली, मग नोव्हेंबरमध्ये 46 राज्यांशी करार झाला. कंपन्यांना कोट्यवधी पाने खुली करावी लागली. म्हणजे संग्रहातले बहुतेक कागद खटल्यात हजर करावे लागले म्हणून आलेले आहेत. ते विषयवार लावलेले नाहीत. ज्या कपाटातून, ज्या फायलीतून उचलले तसेच आहेत.

अगदी नवखे असाल, तर शोधपेटीत काही टाईप करण्याआधी अमेरिकन सरकारने सिगारेट कंपन्यांवर भरलेल्या खटल्यातला न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांचा 17 ऑगस्ट 2006 चा निकाल घ्या. तो 1,600 पानांच्या वर आहे, सगळा वाचायची गरज नाही. हवा तो विषय काढा: निकोटिनचे व्यसन, ‘लाइट’ सिगारेट, दुसऱ्याच्या धुराचा त्रास. तिथे जवळजवळ प्रत्येक निष्कर्षापुढे कागदाचा क्रमांक आहे. तो क्रमांक संग्रहात टाकला की मूळ पान समोर. न्यायालयात तपासून निघालेली यादी आयती मिळते, ती सोडू नका.

बेट्स क्रमांक

प्रत्येक पानाच्या कडेला एक लांबलचक आकडा छापलेला दिसेल. तो बेट्स क्रमांक, पानाचे आधार कार्ड म्हणा. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे शास्त्रज्ञ विल्यम डन यांचे 1972 चे निकोटिनवरचे प्रसिद्ध टिपण 2024273959 पासून 2024273975 पर्यंत आहे. वजाबाकी करून एक मिळवा: 17 पाने. डाउनलोड केलेल्या फायलीत 16 च निघाली, तर एक पान गायब आहे, ते शोधा.

या क्रमांकाचा खरा उपयोग शेजार पाहण्यासाठी. एक चांगला कागद सापडला, की त्याच्या आधीचे आणि नंतरचे वीस-पंचवीस क्रमांक उघडून बघा. फाईल उचलताना पाने ओळीने शिक्के मारत गेली, त्यामुळे अहवालाच्या मागे त्याला आलेले उत्तर, किंवा साहेबाने समासात काढलेले प्रश्नचिन्ह असलेली दुसरी प्रत बसलेली असते. नुसत्या शब्दांनी शोधणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

एकाच टिपणाच्या दहा-दहा प्रती संग्रहात असतात. शोधताना एकसारख्या प्रती लपवण्याची सोय आहे. सुरुवातीला ती वापरा, ढीग कमी होतो. पण महत्त्वाचा कागद हाती लागल्यावर ती सोय बंद करा आणि सगळ्या प्रती उघडा. मजकूर तोच असतो, मात्र एका प्रतीवर ‘पाहिले’ अशी सही असते, दुसरीवर ओळ खोडलेली असते, तिसरीवर वितरणाची यादी असते. वर विचारलेल्या ‘अहवाल कोणाच्या हाती गेला’ या शंकेचे उत्तर याच प्रतींत मिळते.

शोधायचे कोणत्या शब्दांनी

इथे नवखे हमखास फसतात. शोधपेटीत इंग्रजीत ‘कॅन्सर’ टाकायचे, दहा लाख निकाल पाहायचे आणि कंटाळून उठायचे. कंपन्यांचे शास्त्रज्ञ आणि विशेषतः वकील तो शब्द लिहायचे टाळत. त्यांची भाषा शिकावी लागते. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या 1957 च्या अहवालात कॅन्सरला ‘झेफिर’ म्हटले आहे, म्हणजे मंद वारा. कॅन्सर करण्याच्या गुणाला ‘बायोलॉजिकल ॲक्टिव्हिटी’. निकोटिनची किक म्हणजे ‘इम्पॅक्ट’ किंवा ‘सॅटिस्फॅक्शन’. टार (धुरातला चिकट, राळेसारखा भाग) आणि निकोटिनचे प्रमाण म्हणजे ‘डिलिव्हरी’. दुसऱ्याचा धूर नाकात जाणे म्हणजे ‘एन्व्हायर्नमेंटल टोबॅको स्मोक’, आणि त्याची इंग्रजी आद्याक्षरे ईटीएस. ‘कॉम्पेन्सेशन’ दिसले तर नुकसानभरपाई समजू नका. सौम्य सिगारेट ओढणारा जास्त खोल, जास्त झुरके घेऊन निकोटिनचा तुटवडा भरून काढतो, त्याला ते म्हणत.

प्रयोगांनाही टोपणनावे असत. ‘हिप्पो’ हे निकोटिनच्या परिणामांवरचे काम, जिनिव्हातल्या बॅटेल संस्थेत केलेले. ‘जेनस’ म्हणजे उंदरांच्या पाठीवर धुराचा अर्क लावून केलेले प्रयोग. एखादे टोपणनाव कळले, की विषय सोडून त्या नावानेच शोधा. निकाल एकदम नेमके येतात.

लेखकाचे नाव टाकताना आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरे. तारखांबाबत सावध राहा. अमेरिकन कंपन्या महिना आधी लिहितात, ब्रिटिश कंपनी दिवस आधी. 4/5/62 हा कागद एका ठिकाणी 5 एप्रिलचा, दुसऱ्या ठिकाणी 4 मेचा. ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांचा क्रम ठरवताना असा एक महिना पुष्कळ असतो. संग्रहाच्या यादीतली तारीख चुकलेलीही असते, पानावरची पाहा.

यंत्र अक्षरे कशी वाचते, हेही लक्षात घ्या. स्कॅनवरून मजकूर ओळखणाऱ्या प्रणालीला फिकट कार्बन प्रत नीट वाचता येत नाही, हस्ताक्षर तर जवळजवळ येतच नाही. फिलिप मॉरिसचे संशोधन संचालक थॉमस ऑस्डीन यांच्या हातची एक चिठ्ठी आहे. त्यात क्रमांक घालून लिहिले आहे की सगळे कागद जर्मनीतल्या कोलोनला पाठवा, ते तिथेच ठेवा, फोन आणि टेलेक्स चालेल, महत्त्वाची पत्रे घरी पाठवा, मी त्यावर काम करून नष्ट करीन. शोधपेटीतल्या शब्दांवर विसंबलात, तर असे पान हुकणार. म्हणून महत्त्वाच्या व्यक्तीच्या फायली शब्दाने न शोधता लेखक आणि वर्ष टाकून पानोपानी चाळाव्या लागतात. वेळखाऊ काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना

आता मूळ संशोधन. इथे तीन गोष्टी तपासल्याशिवाय एकही आकडा वहीत उतरवू नका.

पहिली, यंत्राने झुरका कसा घेतला. अमेरिकेतली जुनी प्रमाण पद्धत अशी होती: दर 60 सेकंदांनी एक झुरका, झुरका 2 सेकंदांचा, 35 मिलिलिटरचा. ‘लाइट’ सिगारेटच्या फिल्टरभोवती बारीक छिद्रे पाडलेली असतात. यंत्राच्या पकडीत ती उघडी राहतात, हवा आत शिरते, धूर पातळ होतो आणि टारचा आकडा खाली येतो. माणूस ओढतो तेव्हा बोटांनी किंवा ओठांनी तीच छिद्रे झाकली जातात, शिवाय तो जास्त मोठे झुरके घेतो. कॅनडाच्या आरोग्य खात्याची कडक पद्धत म्हणून वेगळी आहे: दर 30 सेकंदांनी झुरका, 55 मिलिलिटर, छिद्रे पूर्ण बंद. त्यामुळे नुसते ‘टार 6 मिलिग्रॅम’ असे कधीच टिपू नका. पुढे पद्धत लिहा. दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात आले की तो तक्ता बाद.

दुसरी, कोणता धूर. ओढणाऱ्याच्या तोंडात जातो तो मुख्य धूर, जळत्या टोकावरून हवेत सुटतो तो बाजूचा धूर. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला मुख्यतः बाजूचाच येतो. फिलिप मॉरिसने 1971 मध्ये जर्मनीत कोलोन इथली ‘इन्बिफो’ ही संशोधन संस्था विकत घेतली आणि 1980 च्या दशकात तिथे बाजूच्या धुरावर प्रयोग केले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी ते अहवाल एकत्र करून 2005 मध्ये हिशेब मांडला: श्वासातून गेलेला ताजा बाजूचा धूर, कणांच्या दर ग्रॅममागे, मुख्य धुराच्या साधारण चौपट विषारी. त्वचेवर लावलेला त्याचा अर्क गाठी निर्माण करण्यात दर ग्रॅमला 2 ते 6 पट पुढे. ही माहिती कंपनीच्या हाती होती त्याच वर्षांत दुसऱ्याच्या धुराचा धोका सिद्ध झालेला नाही असे लोकांना सांगितले जात होते. ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतली याहून रुंद दरी या संग्रहात क्वचितच सापडते. ज्या घरांत नवरा ओढतो आणि बायकोमुले तो धूर घेतात, त्या घरांपासून ही माहिती दूर राहिली, हे वाचताना विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत चकवणारी: भागाकार कशाने केला. सिगारेटमध्ये मिसळल्या जाणाऱ्या 333 पदार्थांवर फिलिप मॉरिसने ‘प्रोजेक्ट मिक्स’ नावाचे काम केले आणि 2002 मध्ये त्यावर चार शोधनिबंध छापले. निष्कर्ष असा, की या पदार्थांमुळे विषारीपणा फारसा वाढत नाही. तिथे रसायनांचे प्रमाण धुरातल्या कणांच्या दर मिलिग्रॅमला काढले होते. पण हे पदार्थ मिसळल्यावर कणांचे वजनच वाढते. समजा, साध्या सिगारेटमधून 10 मिलिग्रॅम कण आणि एखाद्या विषाचे 100 एकक निघतात. पदार्थ मिसळल्यावर 13 मिलिग्रॅम कण आणि 120 एकक. दर मिलिग्रॅमला पाहिले तर 10 वरून 9.2, म्हणजे घट! दर सिगारेटला पाहिले तर 100 वरून 120. माणूस मिलिग्रॅम ओढत नाही, सिगारेट ओढतो. 2011 मध्ये हेच आकडे दर सिगारेटला पुन्हा मांडले, तेव्हा 15 घातक रसायने 20 टक्के किंवा त्याहून जास्त वाढलेली निघाली. म्हणून अहवालातला तक्ता आला की आधी छेद पाहा, आणि कच्चे आकडे मिळाले तर दोन्ही भागाकार स्वतः करा. पाच मिनिटांचे काम आहे.

उंदरांच्या त्वचेवरचे प्रयोग वाचताना अर्क किती, आठवड्यातून किती वेळा आणि किती महिने लावला, हे टिपा. प्रयोग मध्येच थांबवला असेल, तर थांबवण्याचा निर्णय कोणी घेतला तेही शोधा. फिलिप मॉरिसमध्ये व्हिक्टर डिनोबल आणि पॉल मीली यांनी उंदीर निकोटिन मिळवण्यासाठी स्वतः कळ दाबतात असे दाखवले. त्यांचा शोधनिबंध छापण्याआधी मागे घ्यायला लावला गेला आणि 1984 मध्ये प्रयोगशाळाच बंद झाली. छापून न आलेला निकालही वहीत नोंदवायचा असतो.

छापलेल्या निबंधामागचा पैसा

नियतकालिकात आलेला निबंध स्वतंत्र आहे की नाही, हे पाहायला शेवटची आभाराची ओळ वाचा. ‘कौन्सिल फॉर टोबॅको रिसर्च’ दिसली, तर थांबा. 1954 मध्ये निघालेल्या उद्योगाच्या संशोधन समितीचेच हे 1964 पासूनचे नाव. तिच्याकडून पैसा दोन वाटांनी जाई. एक, वैज्ञानिक सल्लागार मंडळाने मंजूर केलेली अनुदाने. त्यांतले काही काम खरोखर चांगले होते. दुसरी, ‘स्पेशल प्रोजेक्ट्स’. तिथे निवड वकिलांच्या हाती होती. निबंधात हा फरक लिहिलेला नसतो. संग्रहात लेखकाचे नाव आणि ‘स्पेशल प्रोजेक्ट’ एकत्र शोधा. दुसऱ्याच्या धुराच्या विषयात 1988 पासून ‘सेंटर फॉर इनडोअर एअर रिसर्च’ हे नाव पाहा.

एवढी तसदी का घ्यायची, ते 1998 च्या एका तपासणीतून कळते. दुसऱ्याच्या धुरावरचे 106 आढावा-लेख घेतले. धोका नाही म्हणणारे 39 होते, आणि त्या 39 पैकी 29 तंबाखू उद्योगाशी संबंधित लेखकांचे. लेखाचा दर्जा, साल, विषय, कशानेही निष्कर्ष ठरत नव्हता. लेखकाचे नाते मात्र ठरवत होते. नव्या काळातल्या निबंधांत 2017 साली फिलिप मॉरिस इंटरनॅशनलच्या पैशातून उभी राहिलेली ‘फाउंडेशन फॉर अ स्मोक-फ्री वर्ल्ड’ शोधा. 2024 मध्ये तिने नाव बदलून ‘ग्लोबल ॲक्शन टू एंड स्मोकिंग’ केले आहे.

आपल्याकडचे कागद

भारताशी संबंधित कागद मुख्यतः ब्रिटिश अमेरिकन टोबॅको आणि फिलिप मॉरिस यांच्या फायलींत आहेत, कारण पहिलीची आयटीसीत आणि दुसरीची गॉडफ्रे फिलिप्स इंडियात भागीदारी. जुन्या नावांनीच शोधा. आयटीसी 1970 पर्यंत ‘इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया’ होती, मग ‘इंडिया टोबॅको कंपनी’, 1974 पासून आद्याक्षरांमध्ये टिंबे असलेली आय.टी.सी. टिंबे घालून एकदा, न घालता एकदा, असे दोनदा शोधा. मुंबई नको, ‘बॉम्बे’, कोलकाता नको, ‘कलकत्ता’, पुण्यासाठी ‘पूना’. विडीचे इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांचे सापडते, गुटख्याचेही. हैदराबादच्या व्हीएसटी या सिगारेट कंपनीसाठी ‘वझीर सुलतान’ टाका.

उद्धृत करण्याआधी

संपूर्ण कागद वाचा. ब्राउन अँड विल्यमसनचे वकील ॲडिसन यीमन यांचे 17 जुलै 1963 चे वाक्य सर्वत्र फिरते: निकोटिन व्यसन लावते, म्हणजे आपला धंदा व्यसन लावणारे द्रव्य विकण्याचा आहे. वाक्य खरे आहे. पण टिपण ‘हिप्पो’ प्रयोग आणि एका नव्या फिल्टरचा कंपनीला काय उपयोग, यावर आहे. तो संदर्भ दिला, की वाक्य आणखी जड होते आणि ‘तोडून घेतले’ हा आक्षेपही उरत नाही.

मसुदा असेल तर ‘मसुदा’ लिहा. तारीख नसेल तर अंदाज करून घालू नका. भाषांतर तुमचे असेल तर तसे सांगा आणि मूळ इंग्रजी ओळ वहीत ठेवा. प्रत्येक उताऱ्यापुढे बेट्स क्रमांक, संग्रहाने दिलेला चार अक्षरे आणि चार आकड्यांचा संकेत, आणि तुम्ही पाहिल्याची तारीख द्या. पीडीएफ स्वतःकडे उतरवून ठेवा, फायलीचे नाव बेट्स क्रमांकच द्या.

शेवटी, यादीत नाव असलेला पण उघडत नसलेला कागद भेटेल. वकील आणि अशील यांच्यातला म्हणून तो रोखलेला असतो. त्याची तारीख, लेखक, ‘प्रत रवाना’मधली नावे तरीही दिसतात, तेवढे टिपा आणि त्या दिवसांच्या आसपासचे उघडे कागद चाळा. 17 जानेवारी 1985 च्या टिपणात ब्राउन अँड विल्यमसनच्या एका वकिलाने सुचवले होते की ‘जेनस’चे अहवाल बाजूला काढून खोक्यांत भरावेत, ही निव्वळ जुनी अडगळ काढण्याची मोहीम आहे असे कर्मचाऱ्यांना सांगावे, आणि कोणीही टिपणे किंवा याद्या करू नयेत. त्या खोक्यांत काय होते, ते जाणून घ्यायला ‘जेनस’ हा शब्द टाकून ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या फायलींपासून सुरुवात करा.